मनगटावरची बकूळ

प्रेमराजभाऊ कार्तिकात गेले, आणि दहाव्याच्या दिवशी भाऊबंदांतल्या बायकांनी त्यांचं घर धुऊन काढलं. रीतच ती, त्यात कोणाचा काही दोष नाही. चादरी, गोधड्या, उशांचे अभ्रे, दाराचे पडदे, जे हाताला लागलं ते सोड्याच्या पाण्यात बुडवलं. खुंटीवरचा सदरा गाठोड्यात बांधून कोणाला तरी देऊनही टाकला. भाऊंच्या पत्नी उषाबाई कोपऱ्यात बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या वेळी त्या काय सांगणार होत्या?

त्यांच्या लक्षात आलं ते सगळे पाहुणे आपापल्या एसट्या पकडून गेल्यावर. पलंगाच्या डाव्या बाजूची उशी त्यांनी उचलली आणि तोंडाशी नेली. कपडे धुण्याच्या पावडरीचा वास आला. गोधडीलाही तोच, टॉवेललाही तोच. माणूस जाऊन दहा दिवस झाले होते, पण वास घरात होता तोवर उषाबाईंना धीर होता. आता मात्र घर रिकामं झालं.

वासाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणू देत बापडे. ज्याच्या घरात दुसरं माणूस अजून घोरतंय त्याला हे कळायचं नाही.

उषाबाई मूळच्या जळगावच्या. वडील पोस्टात, घरी दर रविवारी केस शिकेकाईने धुवायची शिस्त. लग्न होऊन अमळनेरला आल्या तेव्हा प्रेमराजभाऊ तेलाच्या मिलमध्ये होते. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं आणि म्हटलं, "तेलाचा वास येतो तुमच्या अंगाला." दुसऱ्या एखाद्याने घर डोक्यावर घेतलं असतं.  भाऊ सुट्टीच्या दिवशी धुळ्याला गेले आणि बोटाएवढी काचेची बाटली घेऊन आले. चंदनावर उतरवलेलं बकुळीचं अत्तर होतं ते.

हातपाय धुऊन त्यांनी एक थेंब डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावला आणि हात पुढे केला. उषाबाई वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. नुकताच रंधा मारलेल्या लाकडी फळीचा वास होता तो, वर काहीतरी औषधासारखं उग्र.

"हे तर त्या तेलापेक्षाही वाईट," त्या म्हणाल्या.

"थांब ना वं जरा," भाऊ म्हणाले. "अत्तरले येळ लागस."

येळ लागला खरा. जेवणं झाली, भांडी झाली, उषाबाई सुपारी द्यायला गेल्या तेव्हा बकूळ उमलली होती. मोगऱ्यासारखी अंगावर धावून येणारी नव्हे. जवळ जावं तेव्हा कळावी अशी. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला ते फूलही दमलं, आणि खालून चंदन वर आलं. त्या चंदनाखाली आणखी काहीतरी होतं. ऊबदार, थोडं खरपूस, घरातलं. त्याला उषाबाईंकडे शब्द नव्हता. त्यांच्या लेखी तो नवऱ्याचा वास होता, आणि तो पुढे सगळा संसारभर राहिला.

मिल बंद पडली तेव्हा भाऊंनी स्टेशन रोडला गाळा घेऊन लाकडी घाणा टाकला. लोकांना आताशा पुन्हा घाण्याचं तेल लागतं, त्यामुळे धंदा बरा चालायचा. भाऊ दुपारी जेवायला घरी यायचे, हातपाय धुवायचे, मनगटावर थेंब लावायचे आणि मगच ताटावर बसायचे. बाटली संपली की धुळ्याला जाऊन दुसरी आणायची. या गोष्टीवर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. का लावायचं, हे दोघांनाही माहीत होतं.

बाटली कपाटात तशीच होती, तळाशी थोडं अत्तर शिल्लक होतं. बायकांनी ती धुतली नाही एवढं नशीब. उषाबाईंनी एकदा सकाळी आंघोळ करून, देवाचं आटोपून, मोठ्या आशेने थेंब स्वतःच्या मनगटावर लावला. आधी फळी आली. मग बकूळ आली, आणि त्या मनगट तसंच धरून बसल्या, आता येणार म्हणून. पण कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती निघूनही गेली. मागे राहिला तो उदबत्तीच्या रिकाम्या पुड्याचा कोरडा वास. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाटली जुनी झाली, अत्तर उतरलं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुण्याहून हेमांगीचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय काढून पाहिला. लेक गुणाची, पण घाईची.

"नाव सांग आई, ऑनलाइन मागवते. उद्या घरपोच येईल."

"त्याला नाव नाही गं."

"नाव नाही असं कसं? बाटलीवर काही लिहिलं असेल ना?"

बाटलीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. मला तुझ्या वडिलांचा वास पाहिजे, हे लेकीला फोनवर सांगणं उषाबाईंच्या जिवावर आलं. "राहू दे, माझं मीच बघते," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याच्या गाडीत बसल्या.

भाऊ अत्तर आणायचे ते आग्रा रोडच्या आतल्या गल्लीतलं दुकान शोधायला त्यांना वेळ लागला, कारण त्या कधी आत गेल्याच नव्हत्या. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ होते. बाटली पाहताच त्यांनी ओळखली.

"अमळनेरचे तेलवाले भाऊ. बरेच दिवस आले नाहीत."

उषाबाईंनी सांगितलं. गृहस्थांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग आतून मोठी बाटली काढून त्यांनी काचेच्या दांडीने एक थेंब उषाबाईंच्या मनगटावर टेकवला. "ताजं आहे. आत्ता नाकाशी नेऊ नका. बाजार करून या, मग बघा."

बाजार कसला करणार? एकट्या बाईला लागतं काय? पावशेर भाजी आणली तर ती शिळी होते. तरी उषाबाई हिंडल्या. साड्यांच्या दुकानाच्या काचेपुढे उभ्या राहिल्या, खारी-बटरच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या, मग पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेल्या. सगळा बाजार जोडीने फिरतोय असं त्यांना वाटायला लागलं. नवरा-बायको, सासू-सून, नाहीतर मैत्रिणी-मैत्रिणी. आपण मात्र एक हात जपत चाललोय, प्लॅस्टर घातल्यासारखा. पुलाच्या कठड्याशी त्यांनी हळूच मनगट नाकाशी नेलं.

शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "हातले काय व्हयनं अक्का? चावनं का काही?"

"काही नाही," उषाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. हातावर काही नव्हतं. बकूळ येऊन गेली होती आणि उदबत्तीचा पुडा राहिला होता.

दुकानात परत आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. "तुम्ही अत्तरात काहीतरी बदललंय. आमचे हे लावायचे तो वास हा नव्हे."

गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी स्वतःचं मनगट पुढे केलं. त्यांनीही मघाशी थेंब लावला होता. उषाबाईंनी वास घेतला. तो आणखी तिसराच होता, गोडसर, विड्यासारखा.

"बाटली एकच, ताई. पण प्रत्येकाच्या अंगावर ते वेगळं होतं. कातडी निराळी ना. अत्तर मी तुम्हाला हवं तेवढं देईन. भाऊंची कातडी कुठून देऊ?"

उषाबाईंनी बाटली घेतली, पैसे दिले आणि गाडीत येऊन बसल्या. गाडी शहराबाहेर पडली तरी तो शब्द डोक्यातून जाईना. कातडी. कातडी म्हणजे रक्त. आणि भाऊंच्या रक्ताचं माणूस आहे की जगात. सख्खा भाऊ आहे.

वना गिरणाकाठी राहायचा, भडगावच्या पुढे. थोरल्या भावापेक्षा बराच लहान. शेती आणि चार जनावरं. दिरा-भावजयीत वाकडं काही नव्हतं, फारसं सरळही नव्हतं. तेराव्यानंतर त्याचं येणं झालं नव्हतं. पण आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची असते, पित्तर जेवू घालायचा असतो. एका माणसाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, आणि गेलेल्या माणसाला त्याच्या मुखाने घास पोचवायचा. उषाबाईंनी वनाला फोन केला आणि सांगितलं, पित्तर म्हणून तुम्हीच या.

 वना म्हणाला, "घरना माणूस पित्तर बठत नही वहिनी. बाहेरना लागस. लोके काय म्हणतीन?"

"लोकांना मी बघून घेईन. तुम्ही या."

उषाबाईंनी जन्मात कधी रीत मोडली नव्हती. हळदीकुंकवाला कोणती वाटी कुठे ठेवायची यावरून शेजारणींशी वाद घालणारी बाई ती. पण आता एका वासासाठी त्या सख्ख्या दिराला पित्तर बसवायला निघाल्या होत्या. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, म्हणून त्यांनी कोणाला विचारूच दिलं नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधले होते, सासरहून आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. हेमांगीला सुट्टी मिळाली नव्हती. उषाबाईंनी एकटीनेच लाल घागर मांडली, तिच्यावर खरबूज, सांजोरी आणि आंबा ठेवला. पुरण वाटलं, कटाची रशी केली, रस काढला. वना आला तो धोतर-टोपी घालून, अवघडून. पाटावर बसला तेव्हा वरून दिसणारा त्याचा माथा आणि कान अगदी भावाचे होते. 

उषाबाईंनी त्याचे पाय धुतले, गंध लावलं. मग पदराच्या गाठीतून बाटली काढली.

"हात पुढे करा. डावा."

वना घाबरला. "आते यानं काय करानं?"

"काही करायचं नाही. जेवा."

तो जेवला. जेवण झाल्यावर उठून मोरीकडे निघाला आणि साबणाला हात घालणार तोच उषाबाई तांब्या घेऊन धावल्या. "फक्त उजवा. डाव्याला पाणी लागू देऊ नका." वनाने निमूटपणे उजवा हात पुढे केला. वहिनीचं काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं असावं, पण ते बोलून दाखवण्याइतकं त्याचं वय तिच्यापुढे कधीच झालं नव्हतं.

दुपारची गाडी उषाबाईंनी त्याला पकडू दिली नाही. दोघं पंख्याखाली बसून राहिले.  त्याने कपाशीचं सांगितलं, बोअरच्या पाण्याचं सांगितलं, म्हैस व्यायली ते सांगितलं. उषाबाई हं हं करत होत्या आणि बाहेरची उन्हं कलायची वाट पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"भाऊजी, हात जरा इकडे करा."

त्या वाकल्या. बकूळ होती, छान होती. तिच्याखाली चंदनही आलं होतं. पण त्याच्याखाली तंबाखू-चुना होता, गोठा होता, नदीकाठची माती होती. वाईट नव्हता तो वास, एका कष्टाळू माणसाचा होता. पण तो माणूस दुसरा होता. उषाबाईंना रडू आलं. दहाव्याला आलं नव्हतं, तेराव्याला आलं नव्हतं, ते आता दिराच्या हातावर आलं. वनाला हात मागे घ्यावा की ठेवावा कळेना. त्याने तो तसाच पुढे धरून ठेवला.

"काय व्हयनं वहिनी?"

"यांचा वास नाही हो हा," उषाबाई म्हणाल्या. आणि मग लाजलज्जा सोडून सगळं सांगितलं. बाटली, धुळं, कातडी, रक्त.

वनाने ऐकून घेतलं. स्वतःचं मनगट नाकाशी नेऊन पाहिलं आणि साधेपणाने विचारलं, "भाऊना वास? मंग त्यामा तेल कोठे शे?"

उषाबाईंनी डोळे पुसले. "कसलं तेल?"

"भाऊ गावले ये, तं पहिले तेलना वास ये, मंग अत्तरना. आमले दूरथीनच समजी जाये, भाऊ उना."

"घरात नव्हता कधी तेलाचा वास. सुरुवातीला होता. मग हे अत्तर लावायला लागले आणि गेला."

वना हसला. टर उडवून नाही, समजुतीने. "गया नही वहिनी. तुमले येत नही व्हता. बठ्ठासले ये." सगळ्यांना तो वास यायचा, एकट्या उषाबाईंनाच येत नव्हता.

तो संध्याकाळच्या गाडीने गेला. उषाबाई घागरीसमोर बसून राहिल्या. ज्या वासाला नाक मुरडून त्या या घरात शिरल्या, तो कधी त्यांच्या नाकाचाच झाला, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. भिंतींना तो होता, गोधड्यांना होता, कदाचित त्यांच्या स्वतःच्या अंगालाही होता. दहाव्याला बायकांनी सोड्याच्या पाण्यात धुऊन काढला तो तोच. आणि आपण महिनोन्महिने अत्तराच्या बाटलीवर राग काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या स्टेशन रोडला गेल्या. भाऊंच्या मागे त्यांनी घाणा अभिमनला देऊन टाकला होता. हा अभिमन भाऊंच्याच हाताखाली शिकलेला, आता दोन पोरांचा बाप. घाणा दिल्यापासून त्यांनी तो रस्ता टाळला होता, भाजीलाही लांबून जायच्या. गाळ्याच्या तोंडाशीच वास आला आणि त्यांचे पाय थांबले. यापूर्वी शंभर वेळा त्या तेलाचा डबा घेऊन इथे आल्या होत्या. त्यांना कधी वास आला नव्हता.

अभिमन लगबगीने पुढे आला. "काकू, फोन करायचा ना. तेल घरी आणून दिलं असतं."

"तेल नको. काय चाललंय आज?"

"तीळ."

लाकडी उखळात लाट, म्हणजे घाण्याचं जाड मुसळ, सावकाश फिरत होती. आपल्या घरचे तीळ घेऊन आलेलं एक जोडपं बाकावर बसून राखण करत होतं, तेल आपल्याच तिळाचं निघतंय ना म्हणून. खालच्या पन्हळीतून बारीक धार पडत होती. उषाबाईंनी त्या जोडप्याकडे पाहिलं.

"थोडं हातावर घेऊ का?"

बाईने मान हलवली. उषाबाईंनी डावा हात धारेखाली धरला. तेल कोमट होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी तेल कढईत ओतलं, दिव्यात ओतलं, पण उखळातून निघणारं तेल कोमट असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते तळहातावरून मनगटावर चोळलं, कोपरापर्यंत नेलं.

अभिमन पाहत राहिला. "भाऊपण असंच करायचे," तो म्हणाला. "धार सुरू झाली की आधी मनगटावर. चोळायचे, वास घ्यायचे, मगच डबा लावू द्यायचे." आणि त्याने पुसायला फडकं पुढे केलं. उषाबाईंनी ते घेतलं नाही.

घरी येईपर्यंत दुपार झाली होती. त्यांनी भाऊंसारखेच नुसत्या पाण्याने हातपाय धुतले. तेल काही गेलं नाही. मनगटावर अत्तराचा एक थेंब लावला आणि ताटावर बसल्या. आदल्या दिवशीची पुरणपोळी होती, ती दुधात कुस्करून खाल्ली. मनगट नाकाशी नेलं नाही. भांडी एका हाताने विसळली. हेमांगीचा फोन आला, तिच्याशी घागरीचं, वनाचं बोलल्या, वासाचं नाही. मग आडव्या झाल्या, पलंगाच्या उजव्या बाजूला, नेहमीसारख्या.

जाग आली तेव्हा घरात तिन्हीसांजेचा अंधार होता आणि कोणीतरी आलं होतं.

त्या हलल्या नाहीत. फूल दमलं होतं, चंदन वर आलं होतं, आणि त्याच्याखाली तेच होतं, ऊबदार, खरपूस, घरातलं. उशीवरून येत होतं, अगदी जवळून. अर्धवट झोपेत त्यांनी हात लांबवून पलंगाची डावी बाजू चाचपली. चादर गार होती. मग त्यांना कळलं की वास त्यांच्याच दुसऱ्या हाताचा आहे, गालाखाली घेतलेल्या.

उषाबाई उठून बसल्या. ते मनगट त्यांनी नाकाशी धरलं, उजव्या हाताने, जसा कोणाचा हात धरावा तसं. किती वेळ गेला कोण जाणे. दिवा लावायचा राहिला. उद्या आंघोळ करावी लागेल, हेही एकदा मनात येऊन गेलं. रडू मात्र आलं नाही. त्याऐवजी त्यांनी नव्या नवरीसारखं नाक मुरडलं आणि त्या रिकाम्या घरात म्हणाल्या, "तेलाचा वास येतो तुमच्या अंगाला."

आणि थांबल्या, भाऊ 'थांब ना वं जरा' म्हणतील म्हणून.